४६ व्या वर्षी लेथवरून फळ्यासमोर : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली पर्मनंट नोकरी सोडतोय म्हटल्यावर गल्लीत पहिला प्रश्न एकच, "का गा, कंपनीनं काढलं काय?" कुणी काढलं नव्हतं. ITI टर्नर करून लागलो होतो, आधी लेथ (धातू फिरवून कापायचं मशीन), मग सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), मग सुपरवायझर. पण सुपरवायझर झाल्यापासून जॉबला, म्हणजे मशीनवरच्या तुकड्याला, हात लावणं बंदच झालं, दिवसभर डिस्पॅच, रिजेक्शनचा रिपोर्ट आणि फोन, त्यात आठवड्याला शिफ्ट बदलणार. नवीन आलेल्या पोरांना टूल सेट करायला शिकवताना मात्र वेळ कसा जायचा कळायचं नाही, आणि नेमकं त्याच कामाला कंपनीत कुणी काम समजत नव्हतं.

मग ITI त इन्स्ट्रक्टर व्हायचं डोक्यात घेतलं. चौकशी केल्यावर कळलं की नुसता अनुभव पुरत नाही, सीआयटीएस नावाचा इन्स्ट्रक्टर व्हायचा एक वर्षाचा कोर्स लागतो, त्याला ट्रेडचं (ITI त शिकलेल्या कामाचं) जुनं एनटीसी, म्हणजे ITI पास झाल्याचं सर्टिफिकेट चालतं. डिप्लोमा, डिग्रीवाल्यांनाच घेतात असं आमच्याकडं सगळे सांगतात, ते काय खरं नाही. ट्रेडला दोन इन्स्ट्रक्टर असतील तर एक ITI वाला लागतोच, आणि त्याला इंडस्ट्रीतला तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. माझ्याकडं तर ढीगभर होता. प्रवेश परीक्षा दिली आणि बेंगळुरूच्या एनएसटीआयला, म्हणजे हा कोर्स चालवणाऱ्या सरकारी संस्थेत, नंबर लागला.

आई म्हणाली, "डोस्कं फिरलंय काय तुझं, पोरगी बारावीला आणि तू शाळेत?" बायको काही बोलली नाही, तिनं वही काढली आणि वर्षाचा खर्च मांडला. खरं सांगायचं तर निर्णय त्या वहीनं केला.

पैशाचं जरा डिटेल सांगतो, कारण या वयात सगळे इथंच अडकतात. मी सोडलं तेव्हा ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा होता, शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग सर्व्हिसची वर्षं. म्हणजे बेसिक-डीए मिळून २६ हजार असेल तर वर्षाला १५ हजार पडतात, २० वर्षांचे ३ लाख. आमचं वर्ष त्याच्यावर निघालं. पीएफला हात लावला नाही, काढला नाही तरी व्याज चालू राहतं. पेन्शनचा भाग तर १० वर्षं सर्व्हिस झाल्यावर काढताच येत नाही, ५८ ला पेन्शन म्हणूनच मिळतो, ५० नंतर लवकर घेतला तर वर्षाला ४ टक्के कमी होतो. त्यामुळं "सगळं काढून मोकळा हो" म्हणणाऱ्यांकडं लक्ष दिलं नाही. एक मात्र बघा, जुन्या कंपनीनं पीएफच्या पोर्टलवर एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली की नाही ते चेक करा. माझी बरेच दिवस टाकलीच नव्हती, पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की आपल्यालाच लॉगिन करून टाकता येते, आधारला मोबाईल लिंक पाहिजे फक्त.

बेंगळुरूचं वर्ष. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत जायचं, हॉस्टेलला रूममेट माझ्या पुतण्याच्या वयाचा, मला अंकल म्हणायचा आणि ड्रॉइंग माझ्याकडून करून घ्यायचा. प्रॅक्टिकल सोपं गेलं. घाम फुटला तो ट्रेनिंग मेथडॉलॉजीत, लेसन प्लॅन लिहायचा, डेमॉन्स्ट्रेशन प्लॅन लिहायचा, आणि जे आपण इतकी वर्षं न बोलता केलं ते एकेक स्टेप तोंडानं सांगत करून दाखवायचं. साधं फेसिंग (फिरत्या तुकड्याचं तोंड सपाट कापणं) करताना टूल सेंटर हाईटला, म्हणजे तुकड्याच्या मध्याच्या उंचीला, का ठेवायचा? हाताला माहीत होतं, सांगता येत नव्हतं. टूल वर राहिला तर घासतो, खाली राहिला तर मध्यभागी टोक उरतं, एवढंच. पण एवढंच नीट सांगायला मला आठवडे लागले.

आता बेळगाव जवळच्याच एका खाजगी ITI त आहे. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त, हे लपवत नाही, आणि पोरीचं कॉलेज बघता गाडी बदलायचा विषय बंद केलाय. नाईट शिफ्ट गेली, बीपीची गोळी मात्र चालूच आहे, उगाच चमत्कार सांगणार नाही. वर्गात निम्मी पोरं बैलहोंगल, सौंदत्तीकडची, पक्की कन्नड. माझं कन्नड शॉपफ्लोअरवरचं, बोलायला फाड फाड, वाचायला शून्य, मराठी माध्यमाची शाळा ना. पहिल्या आठवड्यात थ्रेड कटिंग (आटे पाडणं) समजावून झाल्यावर मागून एका पोराचा आवाज आला, "तिळीलिल्ल री सर," म्हणजे कळलं नाही सर. मग चेंज गिअर काढून त्याच्याच हातात दिला, लीड स्क्रूचा (लेथच्या लांब आट्यांच्या दांड्याचा) पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायला लावला, तासभर गेला, पण नंतर तोच पोरगा खानापूरच्या दुसऱ्याला मोडक्या मराठीत समजावत होता. सुपरवायझर म्हणून इतक्या वर्षांत असा तास मिळाला नव्हता.

निमीची (ITI ची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था) ट्रेड थिअरी कन्नडमध्ये आणलीय, रोज जेवणानंतर पोरगी माझ्याकडून एक पान वाचून घेते आणि चुकलं की हसते.