पोस्टवाल्यांसोबत पूर्व भागात

आज पोस्टातल्या युनियनच्या मंडळींबरोबर सोलापूरच्या पूर्व भागात सह्या गोळा करत हिंडलो. छोटी पोस्टं बंद करू नका, रिकाम्या जागा भरा, एवढीच मागणी. ऊन म्हणजे आपलं सोलापुरी, सांगायला नको.

कन्ना चौकात फारसं कुणी थांबलं नाही. "पोस्टात आता जातंय कोण?" असं एकाने ऐकवलंच. पण आत गल्लीत शिरलो आणि नूर बदलला. ओट्यावर विड्या वळत बसलेल्या एका अक्कांनी सूप बाजूला सारलं, तंबाखूचे हात पदराला पुसले आणि धाकट्या लेकीचं सुकन्या समृद्धीचं, म्हणजे मुलींच्या नावाच्या बचत खात्याचं, पासबुक आणून दाखवलं. वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, म्हणून काढलेलं. "पोस्ट लांब गेलं तर रिक्षाचे पैसे कोण देणार? अन् तेवढ्या वेळात विड्या किती होतात, माहितीय का?" या हिशोबापुढे आमचं छापील पत्रक फिकंच पडलं. सही मात्र ठसठशीत, तेलुगूत.

2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा आपण सगळे स्टेटसवर हळहळलो आणि मोकळे झालो. ग्रामीण डाकसेवकांचं तर विचारूच नका. वाड्या-वस्त्यांवर टपाल तेच पोचवतात, पण कागदावर काम चार-पाच तासांचं, आणि खात्याच्या कायम नोकरांत गणती नाही. त्यांच्यासाठी गावातले लोक का उभे राहतात, ते आज जरा कळलं.

उद्या संध्याकाळी साखर पेठेत जातोय. यायचं असेल तर निरोप टाका. पेन आपापलं आणा, आमची दोन आजच गेली.