प्रवरेच्या खोऱ्यातली संमेलनं

आमच्या गिरिभ्रमण मंडळाचं वार्षिक संमेलन सभागृहात कधी भरलंच नाही. ते भरायचं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, आणि दर वर्षी तिथेच. ‘एवढा सह्याद्री पडलाय, एकदा दुसरीकडे जाऊ या’ असं म्हणणारे असायचेच. ज्येष्ठांनी ते ऐकलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ऋतू मात्र बदलायचा. कधी मृगाच्या तोंडावर, कधी भाद्रपदात, कधी ऐन थंडीत. त्यामुळे हा मुलूख आम्हाला पाहुण्यासारखा नाही, नात्यातल्यासारखा कळत गेला.

कसाऱ्याला लोकल रिकामी झाली की घोटीमार्गे शेंडी गावापर्यंत जीपमध्ये गाणी चालायची. पावसाळ्यातलं संमेलन असलं की रंधा धबधब्यापाशी थांबायचंच. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणात विसावते आणि पुढे रंध्याला दरीत झेपावते. धरण १९२६ साली पूर्ण झालेलं. त्याच्या मोरीतून पाणी सोडलं की खालच्या कातळावरून छत्रीसारखं पसरतं, म्हणून त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. घाटघरकडे गेलो तर धुक्यात पुढचा माणूसही दिसत नसे. पाऊस असा की रेनकोट नावापुरताच अंगावर राहायचा.

मृगाआधीचं संमेलन काजव्यांचं. हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा अशी झाडंच्या झाडं एका लयीत उजळायची आणि विझायची. टॉर्च लावायची नाही, झाडाखाली शिरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हा मंडळाचा नियम मला फार आवडायचा. आता त्या दिवसांत तिथे गाड्यांच्या रांगा लागतात. हेडलाइटच्या झोतात काजवे दिसत नाहीतच, शिवाय त्यांचं जोडीदार शोधणंही बिघडतं. याचा मला मनापासून राग येतो.

पण खरी ओढ सांदण घळीची. साम्रद गावच्या पठारावरून चालत जाताना समोर जमीन एकदम फाटते. आत शिरलं की दोन्ही बाजूंना शेदोनशे फुटांच्या कातळभिंती, मध्ये कुठे कुठे जेमतेम दोन माणसं मावतील एवढीच जागा आणि वर आभाळाची चिंधी. सुरुवातीचे पाणवठे डिसेंबरातही पार करावे लागतात. सॅक डोक्यावर, पाणी मांड्यांपर्यंत, आणि ते इतकं गार की नवख्यांची किंकाळी भिंतींवर घुमत राहायची. पुढे धोंड्यांचा खच, मग दोर लावून उतरायचे टप्पे. पहिल्यांदा रॅपलिंग करणाऱ्याला खालून सगळं मंडळ ओरडून धीर द्यायचं, “मागे रेल, दोरावर विश्वास ठेव!” पायांची थरथर थांबून त्या चेहऱ्यावर हसू फुटायचं, ते बघण्यासाठी मी मुद्दाम खाली आधी उतरायचे.

वाटाड्या गावातलाच, महादेव कोळी समाजातला. त्याचा शब्द शेवटचा. एका वर्षी अवकाळी ढग दाटले, तेव्हा तो घळीच्या तोंडाशीच थांबला. “ताई, आज न्हाई उतरायचं. वर पाऊस झाला तर आत पळायला जागा न्हाई.” कुणी वाद घातला नाही. आम्ही रतनवाडीला गेलो, अमृतेश्वर मंदिराच्या शिल्पांपाशी आणि पुष्करणीच्या पायऱ्यांवर दुपार काढली. काहीजण जंगलातून शिड्या चढून रतनगडाच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन आले. पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालेलं आम्ही पाहिलं ते दुसऱ्या एका वर्षी, भाद्रपदात.

संध्याकाळी साम्रदला एका अंगणात सर्वसाधारण सभा. हिशेब वाचून व्हायचे, नव्या सभासदांची ओळख व्हायची, चुलीपाशी मावशी नाचणीच्या भाकरी थापत असायच्या. पिठलं, ठेचा आणि वरईचा भात. वार्षिक अहवालापेक्षा मावशींच्या हाकेकडे सगळ्यांचे कान. “आधी जेवून घ्या रे, सभा कुठं पळून जाती?” अध्यक्षही लगेच कागद मिटायचे. रात्री गोष्टी निघत, त्यात कळसूबाई किती वेळा कुठल्या वाटेनं चढलो याची चढाओढ हमखास.

आता त्या मावशींची सून घर चालवते. पूर्वी दोराला लटकून रडणारी मुलं आज तरुण आहेत आणि तीच दोर लावतात. येत्या डिसेंबरचा मुक्काम साम्रदलाच ठरला आहे, आणि हार्नेस, कॅराबिनर असं दोरावर उतरायचं साहित्य तपासायचं काम या वेळी मुलींच्या तुकडीनं मागून घेतलं आहे.