शंभर मीटरच्या आतले वाडे

माझी मावशी कसबा पेठेत ज्या वाड्यात लग्नापासून भाड्याने राहते आहे, तो शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो, आणि एवढ्या एका कारणामुळे तिथे नवी इमारत उभी राहू शकत नाही. तिच्या माजघरातल्या एका तुळईला गेल्या पावसाळ्यात लोखंडी टेकू द्यावा लागला. तो नेमका खोलीच्या मध्यावर आल्यामुळे तिची कॉट आता स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवलेली आहे.

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, तर त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित मानला जातो. नियंत्रित भागात परवानगी घेऊन बांधकाम करता येते. प्रतिबंधित भागात मात्र जुन्या घराची डागडुजी किंवा नूतनीकरण एवढेच शक्य असते, आणि त्यालाही परवानगी लागते.

आता डागडुजी म्हणजे काय, हे अशा वाड्यात उभे राहूनच समजते. खालच्या मजल्याला दगड आहे, पण वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. पाणी मुरले की त्या आतून भुसभुशीत होतात आणि छताच्या कडीपाटाचे लाकूड भिंतीत शिरते तिथेच कुजते. अशा भिंतीला बाहेरून गिलावा करून काही उपयोग होत नाही, ती उतरवून पुन्हा बांधावी लागते. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात तो खर्च निघत नाही आणि खोली सोडली तर हक्क जाईल या भीतीने भाडेकरूही हलत नाहीत. इतर पेठांत ही कोंडी पुनर्विकासाने सुटते, कारण वाढीव मजल्यांच्या विक्रीतून भाडेकरूंच्या सदनिकांचा खर्च भागतो. या वर्तुळात तो मार्गच बंद आहे.

१७३० साली पाया घातलेल्या शनिवारवाड्याशेजारी दहा मजली इमारत उभी राहावी, असे मावशीला वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. पण स्मारक जपायचे असेल तर उंची, रस्त्याकडचे दर्शनी रूप आणि पायाची खोली यांवर कडक मर्यादा घालाव्यात, आणि त्या मर्यादेत, जुन्या वाड्याच्याच उंचीइतके घर नव्याने बांधू द्यावे. बांधकामाचा खर्च निघावा म्हणून न वापरता आलेला चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे त्या जागेवर बांधकाम करण्याचा उरलेला हक्क, मालकाला शहरात अन्यत्र विकता यावा.

तोवर पावसाळा तोंडावर आला, की मावशी माळ्यावरची निळी ताडपत्री काढून उन्हात घालते.