बकीला सगळं आठवतं तेव्हा

आज सुट्टी. लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांचं 'विंटर सोल्जर' हे कॉमिक पुन्हा एका बैठकीत वाचून काढलं. कॅप्टन अमेरिकाची २००५ साली सुरू झालेली ही कथा. १९४१ च्या पहिल्याच अंकापासून त्याचा जोडीदार असलेला बकी दुसऱ्या महायुद्धात मारला गेला, असं सगळे धरून चाललेले. पण तो सोव्हिएतांच्या हाती लागतो. ते त्याला धातूचा हात बसवतात, स्मृती पुसून मारेकरी बनवतात. कामगिरी संपली की पुन्हा गोठवून ठेवायचं, माणूस म्हणून नाहीच!

शेवटी कॉस्मिक क्यूबच्या, म्हणजे मनातली इच्छा खरी करणाऱ्या घनाच्या, ताकदीने स्टीव्ह (म्हणजेच कॅप्टन अमेरिका) त्याला त्याची ओळख परत देतो. आणि मी हललो ते इथेच. बकीला मैत्री आठवतेच, पण स्वतः केलेले सगळे खूनही आठवतात. गळाभेट वगैरे काही नाही. बकी क्यूब चिरडतो आणि नाहीसा होतो. ब्रुबेकरने त्याला इतक्या लवकर माफी दिली नाही, हे मला फार आवडलं.