तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रे’ कडबोळं का वाटत नाही?

काफे ताकुबा या मेक्सिकन रॉक बँडचा ‘रे’ मी ज्यांना ज्यांना ऐकवते, त्यांच्याकडून फिरून फिरून एकच प्रश्न येतो. "अगं, हा एक अल्बम आहे, की कुणी रेडिओचा काटा फिरवत बसलंय? तुला हे सगळं एकत्र कसं ऐकवतं?" प्रश्न रास्त आहे. १९९४ साली आलेल्या या मेक्सिकन अल्बममध्ये वीस गाणी आहेत आणि लागोपाठची दोन गाणी सहसा एका जातीची नाहीत.

चौथं गाणं घ्या, ‘एल बोर्रेगो’. गिटार करवतीसारखी चालते आणि गायक घसा फोडून एकामागून एक घोषणा करतो: मी अराजकवादी, मी नवनाझी, मी पर्यावरणवादी. लाट येईल तिकडे धावणाऱ्या मेंढराचं हे गाणं. ते संपतं न संपतं तोच ‘एसा नोचे’ सुरू होतं आणि आपण थेट बोलेरोत येऊन पडतो, म्हणजे मेक्सिकोतल्या आधीच्या पिढ्या ज्या गाण्यांवर झुरल्या, त्या गाण्यांत. आता तोच गळा मऊ झालेला असतो. तो म्हणतो, त्या रात्री तू मला सोडून जायला नको होतंस, कारण त्याच रात्री मला दुसरं प्रेम भेटलं. बोलेरोत सोडून गेलेल्या माणसासाठी झुरायचं असतं. इथे झुरण्याचा सूर शाबूत आहे, पण बातमी उलटी आहे. ही उलटापालट पटते, कारण बोलेरो मनापासून गायलाय. नुसती नक्कल असती तर दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं नसतं.

माझं उत्तर इथेच आहे. ही मंडळी ज्या गाण्यात शिरतात त्यात पुरती शिरतात, आणि प्रत्येक वेळी शिरणारी माणसं तीच चार असतात. रुबेन अल्बाररानचा नाकातून येणारा, धारदार आवाज (या अल्बमपुरतं त्याने स्वतःचं नाव कोस्मे ठेवलं होतं). होसेलो आणि कीके हे रान्गेल बंधू, एक गिटारवर, दुसरा बास गिटारवर. एमानुएल देल रेआल कीबोर्डवर. बँडमध्ये ड्रमर नाही, ठेक्याचं काम ड्रम मशीनकडे. रॉक बँडला ड्रमर नसणं हे मोठं उणं. पण ‘रे’मध्ये त्याच उण्याने सगळ्याला एक बैठक दिली. पोल्का असो, फंक असो की बोलेरो, खालचा काटेकोर ठोका यांच्या घरचाच आहे. निर्माता गुस्तावो सांताओलाया अर्जेंटिनाचा. पुढे चित्रपटसंगीताची दोन ऑस्कर मिळवणारा तो हाच. त्याने या गाण्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या नाहीत, हे मला त्याचं मोठं काम वाटतं.

हे चौघे सिउदाद सातेलिते या मेक्सिको सिटीला लागून असलेल्या मध्यमवर्गीय उपनगरातले. तिथल्या पोरांसाठी रॉक म्हणजे प्रामुख्याने इंग्रजी रॉक. मेक्सिकोत १९७१च्या आवांदारो रॉक महोत्सवानंतर सरकारने रॉकची अशी कोंडी केली, की कितीतरी वर्षं ते शहराच्या कडेच्या अड्ड्यांवर तगून राहिलं. दुसरीकडे अकॉर्डियनवरचं नोर्तेन्यो, पितळी वाद्यांची बांदा ही बसमध्ये, बाजारात, लग्नात वाजणारी गाणी. ‘सुधारलेल्या’ पोराने ती आवडतात असं कबूल करायचं नसे. ‘एल फिन दे ला इन्फान्सिया’ ही लाज थेट हातात घेतं. गाणं बांदाच्या चालीवर उधळतं आणि विचारतं, आपण आपल्या मनाने नाचू शकू का? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बांदावर नाचायच्या केब्रादिता नाचाचं वेड देशभर होतं. त्या वेडाकडे नाक मुरडून बघण्याऐवजी हे चौघे त्यात उतरले. माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं सर्वांत धाडसी गाणं हेच.

आणि ‘त्रोपिको दे कान्सेर’. साल्वादोर नावाचा माणूस तेल कंपनी सोडून निघालाय. सोबती विचारतात, अरे जातोस कुठे, अजून केवढी हिरवळ शिल्लक आहे, शहरात जगणं म्हणजे काय हे ठाऊक नसलेले केवढे आदिवासी शिल्लक आहेत, प्रगती हाच तर आपला धंदा! सोबत्यांच्या तोंडी एकही दुष्ट शब्द नाही. त्यांना हे खरंच वाटतं, म्हणून अंगावर येतं. अल्बम आला त्याच वर्षी, १ जानेवारी १९९४ला, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या चियापास राज्यात आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या झापातिस्तांनी बंड केलं. हे गाणं त्या हवेतलं आहे.

पुरतं शिरण्याची किंमतही असते. ‘ला इंग्राता’ हे त्यांचं अफाट गाजलेलं गाणं नोर्तेन्योच्या पोल्का ठेक्यावर आहे. कृतघ्न प्रेयसीसाठी गळा काढणारा पुरुष शेवटी म्हणतो, आता तुला दोन गोळ्या भेट द्याव्या लागतील. जुन्या गाण्यांतली पुरुषी रडारड त्यांनी ठेक्यासकट उचलली आणि तिच्यासोबत बंदूकही आली. स्त्रियांवरच्या हिंसेने होरपळणाऱ्या देशात हे यापुढे गाणार नाही, असं अल्बाररानने २०१७मध्ये सांगितलं. निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. गाणं मला आजही पाठ आहे, पण त्या ओळीवर मी गुणगुणणं थांबवते.

तेव्हा ऐकायचा असेल तर असा ऐका: शफल बंद, गाणी अल्बमच्या क्रमाने. वीस एका बैठकीत झेपणार नाहीत, तर ‘एल फिन दे ला इन्फान्सिया’पर्यंत, म्हणजे दहाव्या गाण्यापर्यंत थांबा आणि उरलेली दुसऱ्या दिवशी ऐका. ‘एल बोर्रेगो’ नाही आवडलं तरी पुढे ढकलू नका. त्याच्यातून बाहेर पडल्याशिवाय ‘एसा नोचे’ तेवढं लागत नाही.