त्या घड्याळाला कळतं कसं, किती वाजलेत?

हल्ली सेल बदलायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देता देता मोबाईल पुढे करतं. पडद्यावर कुणाच्या तरी मनगटावरचं कोटींच्या घरातलं घड्याळ. मागून काच, आत चक्रं, आणि कडेची कळ सरकवली की ते टणटण करत वेळ सांगतं. मग ठरलेला प्रश्न : "काका, आत चिप असणारच ना? नाहीतर त्याला कळतं कसं, किती वाजलेत?" काउंटरवर चार माणसं खोळंबलेली असताना याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सवडीने लिहितोय.

चिप नसते. (चिपवालीही निघाली आहेत. सिटिझन कंपनीने क्वार्ट्झमध्ये, म्हणजे सेलवर चालणाऱ्या मशीनमध्ये, टोले देणारी घड्याळं काढली आणि ती झकास वाजतात. पण तुम्ही दाखवता ती वेगळी.) या प्रकाराला मिनिट रिपीटर म्हणतात. आणि वेळ 'कळण्याचं' म्हणाल, तर ते घड्याळ आंधळ्यासारखं चाचपून बघतं.

आधी भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ घ्या. सदाशिव, नारायण पेठेतले वाडे पडले आणि त्यांतली जुनी घड्याळं आमच्याकडे येऊ लागली. तक्रार बहुतेक एकच : "चार वाजता सात टोले देतंय." कुणीतरी मोठा काटा भराभर पुढे नेलेला असतो. त्या मशीनमध्ये टोले मोजायला एक चकती असते. तिच्या कडेला खाचा, आणि दोन खाचांमधलं अंतर एकेका टोल्याने वाढत गेलेलं. काटा तासावर आला की चकतीला फक्त 'सुरू हो' एवढंच समजतं. कितवा तास, ते ती आपल्याच हिशेबाने ठरवते. हिशेब एकदा चुकला की पुढे चुकतच जातो. घरातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असायचं, आतली तार उचलून टोले पुढे ढकलायचे आणि काट्यांशी जुळवून घ्यायचे.

हे दुखणं 1676 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एडवर्ड बार्लो नावाच्या पाद्र्याने दूर केलं. त्याच्या रचनेत तासकाट्याबरोबर बारा पायऱ्यांची एक चकती फिरते. धंद्यात तिला स्नेल म्हणतात. टोल्यांची वेळ झाली की एक दातेरी पट्टी सुटते आणि तिचं शेपूट समोर असेल त्या पायरीवर जाऊन टेकतं. एकची पायरी उंच, पट्टी जेमतेम एक दात घसरते. बाराची सगळ्यात खोल, बारा दात. जितके दात, तितके टोले. काटे कसेही फिरवा, पायऱ्या त्यांच्याबरोबरच फिरणार. म्हणजे आता घड्याळाला वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा वेळ विचारता येते.

विजेचे दिवे नव्हते तेव्हा याची किंमत मोठी होती. रात्री अंथरुणातून न उठता कळ दाबायची आणि ऐकायचं. बार्लो आणि लंडनचा घड्याळजी डॅनियल क्वेअर यांचा अशा घड्याळाच्या पेटंटवरून वाद झाला, तो 1687 मध्ये राजा दुसऱ्या जेम्सपुढे गेला. राजाने दोन्ही घड्याळं वाजवून पाहिली आणि क्वेअरच्या बाजूने कौल दिला. त्याचं घड्याळ एकाच कळीत तास आणि पाव तास, दोन्ही सांगायचं.

मिनिट रिपीटरमध्ये हेच चाचपणं तीनदा. तासांची स्नेल बारा पायऱ्यांची, पाव तासांची चार पायऱ्यांची. मिनिटांची सगळ्यात नाजूक : चार हात आणि प्रत्येक हातावर चौदा पायऱ्या. तास खालच्या सुरात, पाव तास दोन सुरांच्या जोडीत, उरलेली मिनिटं वरच्या सुरात. बारा एकोणसाठला बारा टोले, मग तीन जोड्या, मग चौदा टोले. कळ सरकवताना तुम्ही एक वेगळी छोटी स्प्रिंग भरत असता, टोल्यांना ताकद तिची.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट कुणी विचारत नाही. समजा बरोबर तीन वाजताहेत आणि नेमकी त्याच क्षणी कळ ओढली. मिनिटांच्या पट्टीचं टोक मागच्याच हाताच्या चौदाव्या पायरीत पडू शकतं, आणि तीनऐवजी तीन चौदा वाजतील. म्हणून त्या स्नेलला लागून एक पातळ पत्रा बसवलेला असतो. पाव तास बदलला की तो झटकन पुढे येऊन ती पायरी झाकतो. त्याचं नाव 'सरप्राइज'. ऐकणारं कुणी असो वा नसो, हा उद्योग दिवसातून 96 वेळा चालतो.

तुमच्या व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही. मागच्या काचेतून दिसतात त्या दोन हातोड्या आणि मशीनभोवती गोल गेलेल्या पोलादी तारा. पट्ट्या, स्नेल, सरप्राइज हे सगळं बहुतेक घड्याळांत तबकडीखाली, म्हणजे झाकलेल्या बाजूला. तबकडी काढून ते उघडं ठेवणारे कारखाने आहेत, पण थोडे. माझ्याकडे एकदा एका घरातलं, पणजोबांचं म्हणून जपलेलं खिशातलं रिपीटर आलं होतं, मिनिटांशिवायचं. तबकडी उतरवली तर तेलाचं डांबर झालेलं. पण स्नेलच्या प्रत्येक पायरीवर, शेपूट टेकतं तिथे, लख्ख ठिपका. मी त्या दिवशी दुसरं काम केलं नाही.

"मग एवढे पैसे कशाचे?" मुख्यतः कानाचे. घंटेच्या जागी तार आणली ब्रेगे या घड्याळजीने, 1783 च्या सुमारास. तारेचं एक टोक पक्कं, बाकी सगळी मोकळी, कुठेही टेकता कामा नये. सूर लावायचा तो कानस घासून, ऐकून, पुन्हा घासून. जास्त घासली गेली तर तार बाद. शिवाय केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, धातू आहेच : प्लॅटिनम आवाज खातं, टायटॅनियममध्ये तो खणखणीत येतो. पाणी अडवायला रबर घातलं की आवाजही अडतो. यावर ऑडेमार्स पिगे या स्विस कंपनीने 2015 मध्ये दाखवलेला तोडगा मला पटतो. तारा मशीनच्या प्लेटऐवजी वेगळ्या पातळ पडद्यावर बसवल्या, तंबोऱ्याला भोपळा देतो तशी गूंज मिळावी म्हणून. पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीचे अध्यक्ष थिएरी स्टर्न तर कारखान्याबाहेर जाणारं प्रत्येक मिनिट रिपीटर स्वतः ऐकतात. सवाईला पुढच्या रांगेत बसून माना हलवणाऱ्या आमच्या काही मंडळींना ही नोकरी सहज जमली असती.

तबकडीला भोक पाडून बॅलन्स (आतलं मागेपुढे डुलणारं चक्र) दाखवणारी दोन-तीन हजारांची घड्याळं याच जातीची का, असंही विचारता. नाही. पण ती वाईट असतात असं नाही, फक्त भोकाचे वेगळे पैसे देऊ नका.

कधी कुणी असं घड्याळ हातात दिलंच, तर बारा एकोणसाठला सगळेच वाजवून दाखवतात. तुम्ही चार वाजून सात मिनिटांवर लावायला सांगा. तिथे पाव तास नाही, त्यामुळे चार टोल्यांनंतर पुष्कळ घड्याळं रिकामी थांबतात आणि मग सात देतात. ज्यात ती फट जाणवत नाही, तिथे कारागिराने जास्त घाम गाळलाय. मागे बारीक घरघर ऐकू येते का तेही बघा, ती टोल्यांचा वेग सांभाळणाऱ्या चक्राची. आणि वाजणं संपेपर्यंत चावीला हात लावू नका. मध्येच काटे फिरवले तर पट्टी पायरीवर अडकून दात मोडतात, आणि ते काम माझ्याकडे होत नाही. घड्याळ स्वित्झर्लंडला जातं, यायला कित्येक महिने.