स्क्रीन रीडरला स्वतंत्र ध्वनिमार्ग : माझ्या मांडणीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे, ध्वनिसंपादन करताना एनव्हीडीएचे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून वाचणाऱ्या माझ्या स्क्रीन रीडर प्रोग्रॅमचे, बोलणे आणि ज्या ध्वनीवर काम चालू आहे तो ध्वनी एकाच हेडफोनमध्ये एकमेकांवर चढतात आणि शेवटी दोन्ही धड ऐकू येत नाहीत. या वेळची नोंद त्यावरच्या तीन उपायांची आहे. त्यांपैकी दोन मी बाजूला ठेवले आणि तिसऱ्यावर सध्या स्थिरावलो आहे. डोळस माणूस संगणकाचा आवाज पूर्ण बंद करूनही काम करू शकतो, पण आपण अंधांनी तो बंद केला की आपला पडदाच विझतो. त्यामुळे वाचनाचा आवाज इतर आवाजांच्याच पंगतीला बसवणारी विंडोजची मूळ रचना आपल्या उपयोगाची नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

पहिला उपाय ऑडिओ डकिंगचा. एनव्हीडीए बोलू लागला की बाकीचे आवाज खाली येतात आणि बोलणे थांबले की पुन्हा पूर्ववत होतात. एनव्हीडीए कळीबरोबर (म्हणजे सहसा इन्सर्ट) शिफ्ट आणि डी दाबले की त्याचे पर्याय आळीपाळीने मिळतात. ही सोय संगणकावर रीतसर बसवलेल्या एनव्हीडीएतच चालते, न बसवता थेट चालवायच्या पोर्टेबल प्रतीत चालत नाही. व्याख्यान ऐकता ऐकता मध्येच फाइलचे नाव तपासायचे असेल, तर डकिंगसारखे सुख नाही. संपादनात मात्र ज्या आवाजाची पातळी जोखायची तोच आवाज, आपण बाणाची कळ दाबताक्षणी, खाली दबतो. एखाद्या शब्दाअलीकडचा श्वास कापायचा की ठेवायचा हे अशा स्थितीत ठरवणे म्हणजे सारखा हलणारा तराजू घेऊन सोने तोलण्यासारखे आहे. दोन दिवसांत मी डकिंग बंद केले.

याच ओघात एक गोष्ट सांगून ठेवतो. कॉल सुरू होताच एनव्हीडीए अचानक कुजबुजल्यासारखा बोलू लागत असेल, तर दोष त्याचा नसतो. विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत, म्हणजे रन संवादात एमएमसिस डॉट सीपीएल (mmsys.cpl) लिहून उघडणाऱ्या खिडकीत, कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे आणि तेथे कॉलच्या वेळी इतर आवाज 80 टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो. स्क्रीन रीडरही त्या ‘इतरां’मध्येच मोजला जातो. तेथे काहीही न करण्याचा पर्याय निवडावा.

दुसरा उपाय साउंड स्प्लिटचा. एनव्हीडीएच्या 2024.2 या आवृत्तीपासून ही सोय आली आहे. एनव्हीडीए, अल्ट आणि एस या कळा दाबल्या की बोलणे डाव्या कानात जाते आणि बाकी सगळे उजव्या कानात. पहिल्या संध्याकाळी मी इतका खूश झालो की यापुढे काही शोधायलाच नको असे वाटले. दुसऱ्या दिवशी एक स्टिरिओ ध्वनिमुद्रण ऐकताना त्यातला एक आवाज पूर्ण गायब असल्याचे लक्षात आले, आणि तो मुद्रणातच राहून गेला असावा असे समजून मी अर्धा तास ट्रॅक चाचपत बसलो. खरी गोष्ट अशी की ही सोय दोन वाहिन्या एकत्र मिसळून उजवीकडे पाठवत नाही. ती प्रत्येक प्रोग्रॅमची डावी वाहिनी सरळ बंद करते. डावीकडे जे काही होते ते ऐकूच येत नाही. शिवाय एनव्हीडीए मध्येच कोलमडला तर ते प्रोग्रॅम एकाच कानात अडकून राहतात. तेव्हा एनव्हीडीए पुन्हा सुरू करून दोन्ही आवाज दोन्ही वाहिन्यांवर ठेवणारा पर्याय निवडावा लागतो. कॉल आणि मोनो आवाजासाठी मी ही सोय अजूनही वापरतो, संपादनासाठी नाही.

तिसरा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत साधा आहे: एनव्हीडीएला स्वतंत्र साउंड कार्ड देणे. एक लहानसे यूएसबी साउंड कार्ड लावले, एनव्हीडीए, कंट्रोल आणि यू दाबून ऑडिओची मांडणी उघडली आणि आउटपुट डिव्हाइस म्हणून तेच कार्ड निवडले. बाकी सर्व प्रोग्रॅम विंडोजच्या डीफॉल्ट उपकरणावर राहिले.

याचा मोठा फायदा मला एका फजितीनंतर उमगला. त्याआधीच्या आठवड्यात गाणी वाजवणारा एक प्रोग्रॅम उघडताच संगणक पूर्ण मुका झाला होता. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर सुरू करून पाहिला, तर तोही गप्प. त्या प्रोग्रॅमने ध्वनिउपकरण एक्सक्लुझिव्ह पद्धतीने एकट्याच्या ताब्यात घेतले होते आणि दोन्ही स्क्रीन रीडर त्याच उपकरणाच्या दाराशी ताटकळत होते. अल्ट आणि एफ फोर दाबून प्रोग्रॅम बंद केल्यावर बोलणे परत आले. उपकरणाच्या गुणधर्मांतील ॲडव्हान्स्ड टॅबवर असा ताबा घेण्याची परवानगी काढून टाकता येते, पण बोलण्याचे उपकरणच वेगळे असले की हा प्रसंग येतच नाही. रीपर या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये साउंड कार्डाशी थेट बोलणारा एएसआयओ ड्रायव्हर वापरणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उपकरण बदलताना चुकून न ऐकू येणारे आउटपुट निवडले जाण्याची भीती सर्वांनाच असते. मी बाहेर पडताना मांडणी आपोआप जतन करण्याचा एनव्हीडीएचा पर्याय काढून टाकला आहे. बोलणे हरवले की एनव्हीडीए, कंट्रोल आणि आर एकदा दाबायचे; शेवटची जतन केलेली मांडणी परत येते. हीच कळ झटपट तीनदा दाबली तर मात्र मूळ कारखान्यातली मांडणी येते, तेव्हा घाबरून कळा बडवू नयेत.

आता दोन कार्डे आणि कान मात्र तेच दोन. दोन्ही कार्डांच्या तारा मी एका छोट्या ॲनालॉग मिक्सरमध्ये आणल्या आणि हेडफोन मिक्सरला लावला. डावीकडची गोल मूठ बोलण्याची, उजवीकडची बाकी सगळ्याची. मेन्यू नाही, स्लायडर नाही, संगणक अडकला तरी बोटांखालची मूठ फिरतेच. बोलण्याच्या मुठीवर मी उंचवट्याची टिकली चिकटवली आहे. सुरुवातीला एक अखंड घुमणारा आवाज येत होता. ती जमिनीच्या जोडणीची (अर्थिंगची) अडचण निघाली आणि मिक्सर व संगणक एकाच विस्तारपट्टीवर घेतल्यावर ती बरीच कमी झाली. उरलेल्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून पाहणार आहे. यूएसबी कार्ड दुसऱ्या पोर्टमध्ये लावले तर माझा संगणक त्याला नवे उपकरण समजतो आणि निवड हरवते, म्हणून त्या पोर्टशेजारीही एक टिकली आहे.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. बोलणे कळ दाबल्यावर जाणवण्याइतके उशिरा येते, शांततेनंतर पहिले अक्षर कापले जाते आणि हेडसेटचा माइक चालू झाला की दर्जा फोनसारखा होतो. अक्षर कापले जाण्यावर, ध्वनिउपकरण जागे ठेवण्याचा कालावधी एनव्हीडीएत वाढवल्याने फरक पडला. उशिराला उपाय नाही. मी तार वापरतो.

काल ओबीएस या ध्वनी-चित्रमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटांची चाचणी घेतली. डेस्कटॉपच्या आवाजाऐवजी फक्त एका प्रोग्रॅमचा आवाज पकडण्याची सोय वापरली आणि माइक वेगळ्या ट्रॅकवर ठेवला. प्रोग्रॅमच्या ट्रॅकवर एनव्हीडीएचा मागमूस नाही. माइकच्या ट्रॅकवर मात्र माझ्या बोलण्यातल्या विरामांमध्ये ती ओळखीची भरभर किरकिर बारीक ऐकू येत होती. तासभर सगळे मार्ग पुन्हा तपासले आणि मग हेडफोन कानावरून काढून माइकशेजारी धरला, तेव्हा उलगडा झाला: माझा हेडफोन उघड्या पाठीचा आहे आणि आवाज हवेतूनच माइकपर्यंत पोहोचत आहे. पुढची चाचणी बंद पाठीच्या हेडफोनवर घेईन.